क्याख्ताचं चर्च: पैसा चहाचा!
‘रशिया-मंगोलिया सीमेवरच्या आडगावी एवढं देखणं चर्च बांधलं कुणी?’ असं क्याख्ताचं चर्च पाहून कुणीही विचारेल. अहो, चहाच्या व्यापाऱ्यांनी! १७२७च्या रशिया-चीन तहानंतर क्याख्ता व्यापाराचं नाकं झालं. चीनचा चहा उंटांवरून यायचा, इथे पेट्या कच्च्या चामड्यात शिवायच्या आणि पुढे मॉस्कोकडे रवाना. त्याच पैशातून १८३८ साली पुनरुत्थान चर्च पुरं झालं. बाहेरून ग्रीक धाटणीचे साधे, शांत खांब. आत मात्र वेदीपुढच्या प्रतिमाभिंतीला चक्क स्फटिकाचे खांब! (मला तो जरा भपकाच वाटतो, पण शेठजींचा हात सैल होता.) १८६९ला सुएझ कालवा उघडला, चहा बोटीने जाऊ लागला. नंतर सैबेरियाची रेल्वेही गावाला वळसा घालून गेली. चर्च अजून आहे, सीमेला खेटून.