अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये जाळं टाकायची वेळ कोण ठरवतं?

दर्याकन्या: आमच्या कोकणात १ जून ते ३१ जुलै बंदी, तारखा आधीच ठाऊक. अलास्कात मात्र सॅमनची मासेमारी ऐन हंगामात तासांच्या हिशोबाने उघडते म्हणे. ते कसं?

नाकनेककर: ताई, मी इथल्या मासळीच्या कारखान्यात हंगामी काम करतो. नदीकाठच्या मनोऱ्यांवर माणसं बसून नदीत वर जाणारे सॉकाय (सॅमनची एक जात) मोजतात, दर तासाला दहा मिनिटं. अंड्यांसाठी पुरेसे मासे वर जात असतील, तर राज्याचं मत्स्य खातं आदेश काढतं. अमक्या वाजता सुरू, तमक्या वाजता बंद. रेडिओवर घोषणा झाली की सगळा धक्का कान टवकारतो. वेळ संपली की जाळं पाण्याबाहेर हवंच. नदीत पोचलेला मासा हेच पुढच्या वर्षांचं बियाणं, म्हणून ही शिस्त मला मनापासून पटते.

वल्हेकरी: जाळ्याची लांबी?

नाकनेककर: वाहत्या जाळ्याला एका परवान्यावर १५० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट). होडी ३२ फुटांपेक्षा लांब चालत नाही.

दर्याकन्या: मोजून मग उघडायचं! आमच्या खाडीतही कुणीतरी असं मोजायला हवं, दादा.