मदत हवी आहे: कात्रज घाटातला लाल थर उल्केच्या आधीचा की नंतरचा?

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांसोबत ‘डायनासोरनंतरची पृथ्वी’ असा मोठा तक्ता करतेय. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची उल्का, मग अंधार आणि गारठा, ओसाड जमिनीवर आधी पसरलेले नेचे, पुढे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ५ ते ८ अंशांनी तापलेलं जग, एवढं झालंय.

मुलांना पुण्यातलं काहीतरी दाखवायचंय. कात्रजच्या जुन्या घाटात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये वीतभर लाल पट्टा आहे. बोट घासलं की गेरूसारखं रंगतं. दोन लाव्हांमधल्या शांत काळात तयार झालेली ती माती, इथवर कळलं. पण दख्खनचा लाव्हा उल्केच्या आधीही वाहत होता आणि नंतरही, त्यामुळे अंदाजाने लिहिणं मनाला पटत नाही. पुस्तकांत सगळ्या दख्खनचं एकत्रच वय सापडतं. मुंबईच्या वरळीकडचे बेडकांचे जीवाश्म माहीत आहेत, पण मला घाटाचंच हवंय.

दगड फोडणार नाही, नमुना नेणार नाही, फक्त फोटो. हातात पंधरा दिवस आहेत. भूशास्त्रवाले कुणी आहेत का? कात्रजचे हे थर नेमक्या कोणत्या गटातले, आणि ते उल्केच्या आधीचे की नंतरचे?