पक्ष्यांसाठी व्ह्यूफाइंडरवाला कॅमेरा सुचवा (मुंबई) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा दहा वर्षं वापरलेला ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलणारा, लांब झूमवाला) जुलैत गेला. गेला म्हणजे फोटो निघतात अजून, पण व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) मेला. आधी डोळा लावला की आत एक काळी पट्टी दिसायची, मग ती रुंद होत गेली आणि एके दिवशी सगळाच अंधार. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला, म्हणाला, "आजी, याचा पार्ट येत नाही आता, स्क्रीनवर बघून काढा की, सगळे तसंच काढतात." (वय ५७. आजी म्हणे! असो.)

तर स्क्रीनवर बघून मला जमत नाही, हीच अडचण आहे. लांबचं मला स्वच्छ दिसतं, जवळचा चष्मा आहे. म्हणजे पक्षी शोधायचा तर चष्मा डोक्यावर आणि स्क्रीन बघायची तर चष्मा नाकावर. गेल्या रविवारी भांडूप पंपिंगला कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला होता, चोच खाली, फार तर तीस फुटांवर, ऊन पाठीमागून, आणखी काय पाहिजे? मी स्क्रीनमध्ये बघते तर त्यात आभाळ आणि माझीच टोपी. चष्मा खाली ओढेपर्यंत त्याने सूर मारला, मासा उचलला, खांबावर नेऊन आपटून आपटून गिळला पण. माझ्याकडे पाण्याचे बारा फोटो आहेत.

शिवाय डोळा लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरं अंगाशी येतात, हात हलत नाहीत. हात लांब करून स्क्रीन बघत पूर्ण झूमवर पक्षी धरणं माझ्या मनगटाला तरी झेपत नाही.

बजेट ७० हजार, ताणून ९०. वजन किलोच्या आसपास, कारण सकाळच्या लोकलने जाते आणि चार तास गळ्यात असतो. जाणं बहुतेक नॅशनल पार्क, नाहीतर गोरेगावचं बीएनएचएसचं (निसर्ग अभ्यासकांची संस्था) केंद्र, हिवाळ्यात भांडूप-ऐरोलीची खाडी, आणि पावसाळा लागला की एकदा कर्नाळा, तिबोटी खंड्यासाठी. मोठे प्रिंट वगैरे काढत नाही.

डोक्यात तीन आहेत: निकॉन पी९५०, कॅनन एसएक्स७० आणि सोनी आरएक्स१० मार्क ४. तिसरा नवा घ्यायचा तर लाखाच्या वर जातो. मुलगा म्हणतो मिररलेसच (लेन्स बदलता येणारा) घे, पण ती तोफ कोण उचलणार? कुणी चष्मेवाल्याने यातला एखादा वापरलाय का? व्ह्यूफाइंडर कसा आहे तेवढं सांगा, झूम किती ते मला बॉक्सवर वाचता येतं.

---

ताई, ते कवड्याचं वाचून पोटात तुटलं. मी पी९५० तीन वर्षं वापरला, आता मिररलेसवर आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

चष्म्याचं आधी. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं, डायऑप्टरचं. चष्मा डोक्यावर ठेवूनच डोळा लावायचा आणि आतली अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवायचं. एकदा बसलं की चष्मा लागतच नाही. पिशवीत घासून चाक फिरतं तेवढं बघत जा. तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या काळात या वर्गातल्या व्ह्यूफाइंडरला नऊ-सव्वानऊ लाख डॉट (ठिपके, जितके जास्त तितकं चित्र स्पष्ट) असायचे, पी९५० आणि एसएक्स७० दोघांनाही २३ लाख ६० हजार आहेत. फरक डोळ्याला लगेच कळतो, पानाआडचा शिंजीर आणि वाळकं पान यातलं वेगळेपण आतच दिसतं.

पी९५० ला २००० मिमी पर्यंत पोच आहे. खाडीत लांब चिखलावर बसलेल्या तुतारीसाठी (चिखलात टिपणारा छोटा पक्षी) त्याला तोड नाही, मात्र नऊ वाजले आणि चिखल तापला की हवा थरथरते, मग कुठलाच झूम कामाचा नाही. पूर्ण झूमवर पक्षी हरवतो ही खरी डोकेदुखी. त्यासाठी लेन्सच्या बगलेला एक बटण आहे, दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी चौकटीत घ्यायचा, सोडलं की परत पुढे. कॅननवर हेच काम करणारं फ्रेमिंग असिस्ट आहे. ही सवय लागली की निम्मं काम झालं. एसएक्स७० हलका, ६१० ग्रॅम, १३६५ मिमी पर्यंत जातो. मनगट फारच दुखत असेल तर तो.

पण या दोघांचा फोकस उडत्या पक्ष्यामागे धावत नाही आणि नॅशनल पार्कात झाडाखालच्या अंधारात नाचण पक्षी टिपायला गेलात की फोटोत रवा सांडल्यासारखा दिसतो.

आता तोफेबद्दल. कॅनन आर१० चं वजन बॅटरीसकट ४२९ ग्रॅम, त्यावर आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅम. बेरीज १०६४. पी९५० भरतो १००५ ग्रॅम आणि आरएक्स१० मार्क ४ जवळपास ११००. म्हणजे वजनाचं भांडण मिटलंच. आर१० पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर चौकोन धरतो, कवड्या पाण्यावर थांबला असता तर तुमचं काम फक्त बटण दाबायचं होतं. पोच मात्र ६४० मिमी इतकीच (छोट्या सेन्सरमुळे ४०० च्या १.६ पट), लांबचा पक्षी कापून मोठा करावा लागतो. आणि पैसे. दोन्ही नवं घेतलंत तर तुमचं ९० ओलांडून बरंच पुढे जाईल.

मी तुमच्या जागी असतो तर खाडी जास्त की जंगल जास्त एवढंच मोजलं असतं. खाडी, तर पी९५०. जंगल, तर आर१०.

---

वरच्यांशी सहमत. फक्त भर घालतो: दुकानात ट्यूबलाइटखाली डोळा लावून काही कळत नाही. फोर्टात बोरा बाझारला जा, कॅमेरा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर या आणि उन्हात समोरच्या इमारतीवर कबुतर शोधा. पाच मिनिटांत निकाल. सेकंडहँड लेन्स घेत असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून समोरून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, स्वस्त असली तरी ठेवून या. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला हे होतंच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४०-५० टक्क्यांत. डबा तांदळाचाही चालतो, तांदूळ काढून.

---

सगळ्यांचे आभार, विशेषतः त्या बारीक चाकाबद्दल. दहा वर्षं मला वाटत होतं ते झाकणाचं स्क्रू आहे.

शनिवारी जाऊन आले. दुकानदार आधी कुरकुरला, मग म्हणाला पट्टा गळ्यात घालून उभ्या राहा. समोर दुसऱ्या मजल्यावर एसीच्या डब्यावर कबुतरांची जोडी. पी९५० ने पूर्ण झूमवर पहिल्यांदा खिडकीचे गज, दुसऱ्यांदा कुणाचा तरी टॉवेल, मग तुम्ही सांगितलेलं बटण दाबल्यावर कबुतराची मान आणि लाल डोळा, चौकट भरून! हसूच आलं. आर१० ला शोधावं लागलंच नाही, कॅमेरा वर करेपर्यंत चौकोन जाऊन मानेवर बसला, आणि एक उडालं तर तो चौकोन पण बरोबर निघाला. कबुतर लहान दिसलं हे खरं. पण चष्मा डोक्यावर होता आणि मला सगळं दिसत होतं.

मोजलं पण. गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत जंगलाच्या ३१ फेऱ्या, खाडीच्या ९.

म्हणून आता आर१० बॉडी नवी आणि १००-४०० सेकंडहँड असं जुळवायचं चाललंय. अशी लेन्स वापरलेली घेताना बुरशीशिवाय आणखी काय तपासायचं, झूमची रिंग सैल वगैरे होते का? आणि कुणाकडे विकायची असेल तर मध्य रेल्वेवर कुठेही येऊन बघून जाईन. जरा लवकर सांगा, खाडीवर तुताऱ्या यायला लागल्यात.