६७२ बाइटांचे बुद्धिबळ: नियम वगळलेल्या खेळाला तोच खेळ म्हणावे का?

काळे घर:
१९८३ साली ‘युवर कॉम्प्युटर’ या ब्रिटिश मासिकात डेव्हिड हॉर्न यांचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम छापून आला. तो सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स८१ या घरगुती संगणकासाठी होता. त्या यंत्राची मूळ मेमरी एक किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट, आणि प्रोग्रॅम अवघा ६७२ बाइटांचा. कारागिरी म्हणून त्याचे कौतुक रास्तच आहे. परंतु त्यात कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) नाही, प्यादे शेवटच्या पट्टीत पोहोचले तरी वजीर होत नाही, आणि दोन घरे पुढे आलेले प्यादे वाटेत मारता येत नाही. पटावरचा जुना खेळ संगणकावर आणताना चित्रे, आवाज, वेग, अगदी प्रतिस्पर्ध्याची ताकदसुद्धा कमी करावी, पण नियमांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. बढती गेली की डावाचा उत्तरार्धच जातो: राजा आणि एक प्यादे एवढेच उरले असता जिंकण्याचा मार्ग राहत नाही, आणि त्यामुळे मधल्या डावात धडपडून एक प्यादे जास्त मिळवण्यालाही फारसा अर्थ उरत नाही. यंत्रात मावत नसेल तर त्या यंत्रासाठी रिव्हर्सीसारखा थोडक्या नियमांचा खेळ निवडावा.

अडीच घरे:
असहमत. त्या १०२४ बाइटांत केवळ प्रोग्रॅम नव्हता. पटाची स्थिती, पडद्यावरची अक्षरे, यंत्राच्या स्वतःच्या नोंदी आणि चालींच्या हिशेबाची जागा हे सारे त्यातच बसवायचे होते. झेडएक्स८१ चा पूर्ण पडदा ३२ स्तंभ आणि २४ ओळींचा, म्हणजे ७६८ अक्षरांचा. तो भरला असता तर खेळाला जागाच उरली नसती. कोणते नियम गेले तेही पाहावे. कॅसलिंगला परवानगी आहे की नाही हे नुसत्या पटाकडे पाहून कळत नाही, कारण राजा किंवा हत्ती आधी हलून पुन्हा जागेवर आला आहे का, हे लक्षात ठेवावे लागते. प्यादे वाटेत मारण्यासाठीही आधीची चाल आठवावी लागते. थोडक्यात, ज्यांना डावाचा इतिहास लागतो ते नियम वगळले. आणि आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे, कॅसलिंगही नव्हते; तरी त्याला बुद्धिबळ म्हणताना कोणी कचरले नाही.

काळे घर:
देशी पद्धतीचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे कॅसलिंग नव्हते, पण राजाला एकदा घोड्याची चाल मिळत असे. प्याद्याची बढतीही होती, आणि ती ते ज्या घरात पोहोचेल त्या घरच्या मोहऱ्यात होत असे. म्हणजे एक सवलत नव्हती तेथे दुसरी होती, आणि ती घडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळातून बसली होती. येथे मात्र नियम काढले आणि जागा मोकळीच ठेवली. बढतीला तर इतिहासाची गरजही नाही. प्यादे कोठे उभे आहे एवढे पाहिले की पुरते. शिवाय १९७९ च्या ‘व्हिडिओ चेस’ने अटारीच्या अवघ्या १२८ बाइट मेमरीच्या खेळयंत्रावर कॅसलिंग बसवून दाखवले होते.

अडीच घरे:
त्या १२८ बाइटांच्या जोडीला ४ किलोबाइटचे कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची खेळाची डबी, होते, आणि प्रोग्रॅम त्यात होता. तुलना करायची तर पूर्ण करावी.

सारीपाट:
आपण दोघे नियमांवर अडला आहात. माझ्या मते अधिक मोठी हानी झाकलेल्या गोष्टींची झाली. पीटर जेनिंग्स यांनी १९७६ साली किम-१ या छोट्या संगणकासाठी लिहिलेल्या ‘मायक्रोचेस’ला दाखवायला फक्त सहा आकड्यांची पट्टी होती. खेळणारा शेजारी खरा पट मांडून बसे, कोणत्या घरातून कोणत्या घरात हे आकड्यांनी कळवी, आणि यंत्राची चालही आपल्याच हाताने पटावर करी. बुद्धिबळात हे निभते, कारण सगळे उघड्यावर असते. अक्षरे जुळवून शब्द रचण्याच्या स्क्रॅबलचे तसे नाही. सिंक्लेअरच्याच ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रम या संगणकावर सुमारे ११ हजार शब्द दाबून बसवले होते. प्रत्येक अक्षराला एक बाइट दिला असता तर ते मावलेच नसते, इतके ते काम अवघड होते. तरीही एकाच पडद्यासमोर दोन माणसे बसली की एकाची अक्षरे दिसत असताना दुसऱ्याने नजर वळवायची. नियम सारे शाबूत, पण खेळातली चोरून ठेवण्याची गंमत गेली.

काळे घर:
ही हानी मला मान्य आहे, पण ती भरून काढणे खेळाडूंच्या हाती होते: नजर वळवली, अक्षरे कागदावर उतरवून घेतली, की डाव चालू राहतो. झेडएक्स८१ वर सातव्या पट्टीत आलेल्या प्याद्यासाठी खेळाडूला काहीच करता येत नव्हते.