निर्जीवातून जीव होऊ शकतो का?

पंचवटीकर: आपल्या नाशकात द्राक्षाचा रस नुसता ठेवला तरी फसफसतो, म्हणजे जीव आपोआपच आला ना? मग पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे खोटं ठरवलं असं का म्हणतात?

द्राक्षबागवाला: आपोआप नाही हो, यीस्ट, म्हणजे रस फसफसवणारी सूक्ष्म बुरशी, सालीवर आणि रस काढायच्या प्रेसमध्ये आधीच असतं. पाश्चरने १८६० च्या सुमारास वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला, तो नासला नाही, पण त्यातून एवढंच कळलं की आजचे जंतू जंतूंपासूनच येतात, अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर पहिला जीव कसा आला याबद्दल तो प्रयोग काहीच सांगत नाही आणि लोक नेमकं हेच एकत्र करतात.

सिडकोकर: १९५३ ला मिलर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्या जुन्या पृथ्वीची नक्कल म्हणून मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत ठिणग्या सोडल्या, अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली!

पंचवटीकर: पण अमिनो आम्ल म्हणजे जीव नाही ना दादा?

सिडकोकर: नाहीच. साध्या रसायनांपासून जिवंत पेशी अजून कुणी बनवलेली नाही. पण म्हणून अशक्य म्हणणं मला अजिबात पटत नाही.