मार्सेलिसमध्ये खात-खात फिरायची टूर: पैसे भरू की आपापलं फिरू?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी. मुलगी फ्रान्समध्ये एक्स नावाच्या गावात शिकते, मार्सेलिसपासून जवळच. मे महिन्यात आम्ही तिघं तिच्याकडे जातोय: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, अंडंही चालत नाही, गुडघे त्यांच्या मर्जीनुसार चालतात. मार्सेलिससाठी एकच दिवस ठेवलाय.

मुलीने एका फूड वॉकची लिंक पाठवली. साडेतीन तास, सात ठिकाणी थांबे, माणशी ८५ युरो. चौघांचे तीस हजारांच्या वर जातात. नवरा म्हणतो, एवढ्यात मी मामलेदारची मिसळ पेन्शन मिळेपर्यंत खाईन. सासूबाई म्हणतात, "मला सावरकरांनी उडी मारली ती जागा दाखवा, खायचं माझं मी बघेन." त्यांचं 'माझं मी बघेन' म्हणजे पिशवीत दशम्या. मागच्या वेळी सिंगापूरला जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

कोणी गेलंय का? टूर घ्यावी का? शाकाहारी माणसाला तिथे ब्रेड सोडून काही मिळतं का? आणि चढ किती आहे?

घोडबंदरवाला

टूरवाल्याला दमडी देऊ नका. सगळी दुकानांशी कमिशनची सेटिंग असते. मी गेलेलो नाही, पण व्हिडिओ भरपूर बघितलेत. शिवाय तिकडे पाकीटमार फार आहेत म्हणे.

दिवाळ्याची

घोडबंदरवाले दादा, न जाता एवढं ठाम बोलायला जिगर लागते. पाकीट सगळीकडेच सांभाळावं लागतं, ठाणे स्टेशनच्या पुलावरही.

ताई, मी बेलापूरची, दिवाळे कोळीवाड्यातली. आई अजून मासळी विकते, मी कंटेनरच्या कागदपत्रांच्या कामात आहे. त्याच कामासाठी ऑफिसने तीन आठवडे मार्सेलिसला पाठवलं होतं. पहिल्या शनिवारी टूर घेतली, पुढचे दोन शनिवार त्याच गल्ल्या एकटीने पालथ्या घातल्या. त्यामुळे दोन्हीचा हिशोब माझ्याकडे आहे.

टूर फसवी नव्हती. गाइड पोरगी तिथलीच, आजी-आजोबा अल्जीरियातून आलेले, मनापासून सांगत होती. पण आम्ही बारा जण. प्रत्येक दुकानात आधीच तुकडे कापून, काड्या टोचून ठेवलेले. तुकडा तोंडात टाकला की चला पुढे. मला कढईपाशी उभं राहायचं असतं हो. तेल किती तापलंय, बाई पीठ कसं मळते, ते बघितल्याशिवाय खाल्ल्यासारखं वाटत नाही. सासूबाईंचं तर सातपैकी चार थांब्यांवर नुसतं उभं राहणं होईल. म्हणून माझं मत, टूर नको.

सकाळी नऊच्या आत व्यू पोरला पोचा. हे जुनं बंदर. २६०० वर्षांपूर्वी ग्रीक लोक इथेच उतरले आणि शहर वसलं. धक्क्यावर पॉलिश केलेल्या स्टीलचं एक भलंमोठं सपाट छत आहे, मान वर केली की आपण उलटे लटकलेले दिसतो. जवळच मासळीची टेबलं लागतात. मोजकीच. आमच्या बाजारात एका पावसाळी सकाळी याहून जास्त टोपल्या असतात. घाऊक लिलाव केव्हाच शहराच्या उत्तरेला गेला, जुन्या लिलावघरात १९८१ पासून नाटकं होतात. नाव तेवढं ठेवलंय, 'ला क्रिए', म्हणजे बोलीची आरोळी.

तिथे माझी फजिती झाली. एका टेबलावर लालभडक, काटेरी, डोक्याने मोठा मासा, रास्कास. ताजा आहे का बघायला सवयीने अंगठा घालून कल्ला उचलला. म्हातारीने माझ्या मनगटावर चापटच मारली. मी गोरीमोरी. मग मी माझ्या डोळ्याकडे बोट केलं, माशाच्या डोळ्याकडे केलं, गळ्यापाशी हात नेला. ती क्षणभर बघत राहिली आणि खो-खो हसली. स्वतःच कल्ला उचलून दाखवला, आत लालबुंद. मग एकेक मासा उचलून नाव सांगत सुटली. काँग्र म्हणजे आपल्या वामेसारखा लांबडा. अँचोव्ही मांदेलीच्या गोतातली. आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणे, "पापलेट नाय? मंग खातान काय तिथली लोकां?"

तुमच्या मिस्टरांना बुयाबेस, म्हणजे तिथलं माशांचं कालवण, खायची इच्छा होणार, सगळ्यांनाच होते. मूळ गोष्ट अशी की विकला न गेलेला काटेरी मासा कोळी घरी न्यायचे आणि कढईत उकळायचे. आमच्याकडेही उरलेल्या चिल्लर मासळीचं कालवणच सगळ्यात चवदार लागतं. आता मात्र तेच कालवण माणशी साठ-सत्तर युरोच्या वर. १९८० मध्ये तिथल्या हॉटेलवाल्यांनी नियमच लिहून काढले: ठरलेल्या माशांपैकी निदान चार हवेत, मासा गिऱ्हाइकासमोर कापायचा. आधी केशरी रस्सा येतो, सोबत लसूण-केशराची 'रुई' नावाची चटणी लावायला पाव, मासा वेगळ्या ताटात. चांगल्या ठिकाणी एक-दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, आणि बऱ्याचदा दोघांपेक्षा कमी असतील तर करत नाहीत. मी खाल्ली. चांगली होती. आईच्या कालवणाला नारळ नसतानाही जो दाटपणा येतो तो नव्हता, पण हे मी तिथे बोलले नाही.

त्यापेक्षा मिस्टरांना पुतार्ग शोधायला लावा. बोईट माशाची गाबोळी, म्हणजे अंडी, मिठात मुरवून, दाबून, वाळवतात. जवळच्या मार्तिगची प्रसिद्ध. सुरीने पातळ काप काढायचा, पावावर ठेवायचा. महाग आहे, म्हणून छोटा तुकडाच मागा. वास घरभर होतो, सासूबाईंच्या बॅगेत ठेवू नका.

आता खरी जागा. व्यू पोरहून कानबिएर नावाच्या मोठ्या रस्त्याने दहा मिनिटं चाला. पूर्वी बंदराच्या दोरांसाठी लागणारा भांगेचा वाख इथे असायचा, नाव त्यावरूनच पडलं. उजव्या हाताला नोआय ही बाजाराची वस्ती. शहराचं पोट म्हणतात तिला. ठाण्यात जांभळी नाक्याला सणाच्या आदल्या दिवशी जी गर्दी असते ती तिथे रोज. कापुसँ बाजारात पुदिन्याच्या जुड्या, लोणच्यातली लिंबं, पिंपातले ऑलिव्ह, रचलेल्या मसाल्यांचे ढीग. आरडाओरडा अरबी-फ्रेंच मिसळून. पहिल्या पाच मिनिटांत मला रडू यायचं बाकी होतं, इतकं घरासारखं.

कोण कुठून आलं ते खाण्यावरूनच कळतं. नेपल्सचे लोक आले, पिझ्झा आला. तुर्कस्तानातली कत्तल चुकवून आर्मेनियन लोक आले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला तेव्हा तिकडून बोटी भरभरून माणसं उतरली. ट्युनिशियाचे आले, कोमोरो बेटांचे आले. गाइड पोरीने हे सांगितलं नसतं तर मी नुसतं खाऊन आले असते, तेवढं श्रेय तिचं.

सासूबाईंसाठी माजुबा मागा. रव्याच्या पिठाचा गोळा तेलाच्या हाताने ताणत ताणत पारदर्शक करतात, मध्ये कांदा-टोमॅटो परतलेला, चारी बाजूंनी दुमडून तव्यावर. मी जिथे खाल्ली तिथली बाई पीठ ताणताना टेबलावर असं पसरायची की खालची फरशीची नक्षी दिसायची. दोन-तीन युरोत पोट भरतं. तिखट हवं का विचारते, हरीसा लावते. हो म्हणा.

आणि पानिस. ही तर आपली पाटवडी! चण्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, गार करून थापायचं, गोल चकत्या कापून तळायच्या. फोडणी नाही, हळद नाही, वर फक्त मीठ-मिरपूड. मूळ इटलीकडची, पण मार्सेलिसवाले आपलीच म्हणतात. एस्ताक हे शहराच्या उत्तरेचं किनाऱ्यावरचं जुनं ठिकाण यासाठी नावाजलेलं आहे. समुद्रासमोरच्या टपरीवर कागदी पुडीत गरमगरम.

गोडात झलाबिया. बघताक्षणी ओळखाल. जिलबी! नावही तेच, आपली जिलबी या अरबी-फारसी नावावरूनच आली. फक्त ती जाड असते आणि मधाने चिकट. रमजानात ढीग लागतात, एरवीही मिळते.

जपायचं कशाला, तर तापनाद नावाच्या ऑलिव्हच्या चटणीत अँचोव्ही असते, दिसत नाही. पिझ्झा 'अर्धा-अर्धा' म्हणाले तर त्यातला अर्धा अँचोव्हीचा. बोटीच्या आकाराची 'नावेत' नावाची बिस्किटं सुंदर, नारंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास येतो, पण त्यात अंडं असतं. १७८१ पासूनची भट्टी सँ व्हिक्तोर मठाजवळ आहे, तुम्ही तिघं खा, आजींना वास द्या.

नोआयमध्येच ऑबान्य रस्त्यावर एक मोकळी जागा लागेल. ५ नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या जुन्या इमारती कोसळून आठ माणसं गेली. गाइड तिथे बोलायची थांबली, आम्हीही. ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते तेव्हा आपण काय करतो? आपली इमारत त्यात नाही ना तेवढं बघतो.

ऐरोलीचे आजोबा

वरच्या ताईंनी पोटाची सोय केली, मी आजींच्या प्रश्नाला उत्तर देतो. तारीख ८ जुलै १९१०. बोट 'मोरिया'. सावरकरांनी शौचकूपाच्या खिडकीतून उडी घेतली, पोहत धक्का गाठला, फ्रेंच पोलिसाने धरून पुन्हा बोटीवर दिलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला: देताना चूक झाली खरी, पण ब्रिटनवर परत करण्याचं बंधन नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लोक व्यू पोरला फोटो काढून "इथेच उडी" म्हणतात. तेव्हा मोठ्या आगबोटी तिथे लागत नसत, उत्तरेकडच्या नव्या गोद्यांत लागत. आजींना किल्ल्याच्या बाजूला न्या. तिथे २०१३ मध्ये उघडलेलं मोठं संग्रहालय आहे, मुसेम. त्याच्या गच्च्यांवर आणि सँ जाँ किल्ल्यात फिरायला तिकीट नाही. तिथून गोद्यांची दिशा आणि समुद्र दोन्ही दिसतं, बसायला जागाही आहे. पानिये ही जुनी वस्ती शेजारीच, पण पायऱ्याच पायऱ्या. गुडघ्यांसाठी नको.

दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद आणि वेटरचा चेहराही बंद. रविवारी नोआयचा बाजार थंड असतो, सोमवार ते शनिवारमधला दिवस निवडा. १ मे टाळा, आपल्यासारखीच सुट्टी, सगळं कुलूपबंद. हॉटेलात पाण्याची बाटली मागू नका, 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट देतात.

वेळ उरला तर माझार्गची युद्धस्मशानभूमी. सप्टेंबर १९१४ मध्ये आपल्या सैनिकांच्या तुकड्या याच बंदरात उतरल्या होत्या, त्यातल्या अनेकांची स्मृती तिथे आहे. मी दोन तास बसलो होतो. मिसेस म्हणाल्या, चला आता, पाय दुखायला लागले.

नौपाडेकर

आजोबा, दिवाळ्याच्या ताई, खूप खूप आभार. टूर रद्द. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. गच्चीची कल्पना पसंत पडली. जिलबीवर म्हणाल्या, "मुसलमानांकडची का?" मी म्हटलं, आपली जिलबीही तिकडूनच आली असं लिहिलंय. त्यावर पाच मिनिटं शांतता, मग "बरं, गरम असेल तर बघू."

दोन शंका. पानिस मासे तळलेल्याच तेलात तळत असतील का? आणि नुसतं मीठ-मिरपूड म्हणजे फारच अळणी नाही का, चिंच-गुळाची चटणी नेऊ?

दिवाळ्याची

शंका बरोबर आहे. टपरीवर बहुतेक एकच कढई असते, त्यात माकुलही तळतात. मलाही चकतीबरोबर माकुलाचा एक पाय फुकट आला होता. आजींसाठी कच्ची पानिस विकत घ्या, ताज्या पास्त्याच्या दुकानात किंवा सुपरमार्केटमध्ये तयार मिळते. मुलीच्या घरी नेऊन तळा. चकती अर्ध्या बोटाएवढी जाड कापा, पातळ केली तर पापड होतो. तेल चांगलं तापू द्या, नाहीतर पिते. बाहेरून करकरीत आणि आत पिठल्यासारखी मऊ झाली म्हणजे जमली.

चिंच-गुळाची ओली चटणी विमानात सांडेल. लसणाची कोरडी न्या. आणि थोडी जास्तच न्या, मुलीच्या मैत्रिणी संपवतील.