'कर्स्ड विन'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ, परभणी:
पोरगी परवा लातूरला बुद्धिबळ स्पर्धेत दोन घोडे विरुद्ध एक प्यादं अशा एंडगेमपर्यंत (डावाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत) पोचली. समोरच्या पोरानं पन्नास चाली मोजून बरोबरी मागितली, मिळालीही. परतताना एसटीत तिनं ती स्थिती मोबाइलवर मांडली तर खाली आलं 'कर्स्ड विन'. "बाबा, मंग मी जिंकायलते का नाई?" मी म्हणालो, शापित विजय. ती म्हणाली, शाप कुणी दिला? तिथंच अडकलो. बरा शब्द सुचवा.

तिसरं प्यादं, औसा:
शाप नियमाचा आहे, दादा. दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरी मागता येते. मोबाइलवर आलं ते टेबलबेसचं उत्तर, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या प्रत्येक स्थितीचा निकाल आधीच काढून ठेवलेला साठा. जुनं नालिमॉवचं टेबलबेस हा नियम बघायचंच नाही. मात किती चालींवर आहे तेवढं सांगून मोकळं. रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये आणलेलं सिझिजी टेबलबेस तो धरून चालतं, म्हणून त्यात निकाल तीन नाहीत, पाच आहेत. जिंकणं, हरणं, बरोबरी, शिवाय नियम नसता तर जिंकलो असतो ते 'कर्स्ड' आणि नियमानं हरता हरता वाचलो ते 'ब्लेस्ड'. आकडा बघताना एक सांभाळा. तिथं दोघांची चाल वेगवेगळी मोजतात, म्हणजे आपली पन्नासची हद्द तिथं १०० दिसते.

दोन घोडे विरुद्ध प्याद्यात मातेला ११५ चालीही लागू शकतात. पण ११५ म्हणून लगेच शापित असं नाही. मध्ये प्यादं सरकलं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

कारकून, नांदेड:
हे तर आमच्या वकीलसाहेबांच्या टेबलावरचं प्रकरण! हातउसने पैसे दिले, तीन वर्षं दावा लावला नाही, की तो मुदतबाह्य. पैसे देणं असतंच, फक्त कोर्टातून वसूल होत नाही. मुदतीच्या आत देणेकऱ्यानं थोडे पैसे भरून सही केली किंवा लेखी कबुली दिली, तर मुदत नव्यानं सुरू. प्यादं हलणं म्हणजे तेच की. 'मुदतबाह्य विजय' म्हणा.

तिसरं प्यादं, औसा:
काका, उपमा झकास, शब्द थोडा चुकतो. मुदतबाह्य म्हणजे मुदत संपून गेलेली. टेबलबेस 'कर्स्ड' म्हणतं तेव्हा एकही चाल मोजलेली नसते, मोजणी शून्यावर धरूनच ते सांगतं की हे काम मुदतीत बसणार नाही. प्रत्यक्ष डावात तीस चाली आधीच गेल्या असतील, तर टेबलबेसमधला निव्वळ 'विन'सुद्धा हातचा जाऊ शकतो. तुमचा शब्द त्या डावाला लावा.

(कुणी 'बेमुदत' सुचवायच्या आत सांगतो, ते उपोषणाला ठेवा. अर्थ नेमका उलटा आहे.)

गोदाकाठ, परभणी:
सगळं घरात वाचून दाखवलं. पोरगी गप्प. तिची आजी शेंगा फोडत बसली होती, ती म्हणाली, "मंग बुडीतच की ते." सोसायटीचं कर्ज बुडीत खात्यात जातं तसं. येणं आहे, येणार नाही. मला 'बुडीत जीत' एकदम पटलं. 'ब्लेस्ड लॉस'ला मग 'माफ हार'?

तिसरं प्यादं, औसा:
'बुडीत जीत' पक्कं. मुदत संपायची वाटही बघावी लागत नाही, पैसा बुडणार हे सावकाराला आधीच कळतं. 'आशीर्वादित पराभव' असलं काही लिहिण्यापेक्षा 'माफ हार' शंभर पटीनं बरं.

कारकून, नांदेड:
माफी म्हणताय, पण माफीला अर्ज करावा लागतो! पन्नासाव्या चालीला पंच स्वतःहून बोलत नाही, खेळाडूनंच मागायचं. मागितलं नाही तर डाव चालूच. ७५ झाल्या की मग पंच आपणहून थांबवतो, तेही २०१४ पासून. लातूरच्या त्या पोरानं अर्ज वेळेत टाकला म्हणायचा.